चौदा नंबर

2025 च्या गणपतीत, गौरीपूजनाच्या दिवशी, मी इंदिरानगरला बहिणीकडे जेवायला होतो. पुरणपोळी अंमळ जास्तच झाली होती, बाहेर पावसाची भुरभुर होती आणि नाशिकरोडला परत जायचा कंटाळा आला होता, म्हणून भाच्याबरोबर खाली सोसायटीच्या मांडवात जाऊन बसलो. रात्री मूर्तीजवळ कोणीतरी जागं राहावं लागतं, आणि ते काम दरवर्षी याच पोरांकडे असतं. ताडपत्रीवर पावसाचा आवाज, आरतीच्या कापराचा वास अजून रेंगाळलेला, गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. विषय एकच. इंग्लंडच्या फुटबॉलची ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांना खेळाडू विकत घेता येण्याची मुदत, आपल्याकडच्या साडेअकराला बंद होणार होती, आणि अलेक्झांडर इसाक न्यूकॅसल क्लब सोडून लिव्हरपूलला जातो की नाही याचा निकाल त्याच रात्री लागणार होता. भाचा लिव्हरपूलचा. समोर बसलेला त्याचा बालवाडीपासूनचा मित्र न्यूकॅसलचा. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी, पाठीवर इसाकचा चौदा नंबर, कॉलेज रोडवर छापून घेतलेला. धुऊन धुऊन चारच्या आकड्याचा कोपरा सुटला होता. तो बसावा म्हणून आईने वर वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली असणार, कारण शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावर बातमीच्या दोन-तीन ओळी उलट्या उमटल्या होत्या. दिव्यांच्या माळेखाली त्या मला स्पष्ट दिसत होत्या.

बातमी पक्की झाली. साडेबारा कोटी पौंड, इंग्लंडमधल्या कुठल्याही क्लबने एका खेळाडूसाठी मोजलेली सर्वात मोठी रक्कम. लिव्हरपूलवाल्यांनी 'मोरया' अशी आरोळी ठोकली, शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी खिडकीतून 'हळू रे' म्हणून दटावलं. चौदा नंबरवाला हसला नाही, चिडला नाही. खुर्ची थोडी माझ्याकडे ओढून म्हणाला, "मामा, आम्ही त्याला काय कमी केलं होतं?"

हा प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

तो पोरगा कधी इंग्लंडला गेलेला नाही. डिप्लोमा करून अंबडच्या एका कारखान्यात नुकताच लागला आहे. न्यूकॅसल शहरात कुणी त्याला ओळखत नाही, स्टेडियममधल्या खुर्चीवर त्याचा हक्क नाही. तरी तो 'आम्ही' म्हणाला, आणि मांडवातल्या एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही. कारण आदल्या मार्चमधली त्याची रात्र मी पाहिली होती. 16 मार्चला वेम्बलीवर लीग कपची फायनल होती, न्यूकॅसल विरुद्ध लिव्हरपूल, आपल्याकडे रात्री दहाला सुरू झालेली. न्यूकॅसलने देशातला मोठा कप शेवटचा जिंकला होता 1955 साली, म्हणजे माझ्या वडिलांच्या शाळेच्या दिवसांत. डॅन बर्नने हेडरने पहिला गोल केला आणि मध्यंतरानंतर लगेच इसाकने दुसरा. 2-1 ने जिंकल्यावर हा पोरगा अनवाणी रस्त्यावर पळत सुटला होता. होळी होऊन गेली होती, आपली रंगपंचमी यायची होती, आणि एकट्याने सोसायटीभर गुलाल उधळला होता त्याने. वॉचमनच्या कपाळाला, पार्किंगमधल्या स्कूटरना, झोपेतून उठून आलेल्या आईच्या गालाला. भाचा हरलेल्या संघाचा, पण त्यालाही सोडलं नव्हतं.

आणि ज्याने तो गोल केला तोच पाच महिन्यांनी, ज्यांच्याविरुद्ध केला त्यांच्याकडेच जायला निघाला.

तो उन्हाळा-पावसाळा या पोरांनी कसा काढला ते मी बहिणीकडे जाता-येता पाहत होतो. ज्यांना ट्रान्सफरच्या अफवा म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो, त्यांनी एकदा या पोरांचं बोलणं कान देऊन ऐकावं. जो पोरगा बारावीला अकाउंट्सच्या पुस्तकाकडे फिरकला नाही, तो क्लबचा तोटा तेव्हाच्या नियमाने तीन वर्षांत किती दाखवता येत होता, खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत कशी वाटून लिहितात, हे टपरीच्या बाकावर बोटाने आकडे काढून समजावायचा. कुठल्या पत्रकाराला क्लबच्या आतून कळतं, कोण नुसता एजंटच्या सांगण्यावरून लिहितो, याची त्यांची स्वतःची प्रतवारी आहे, आणि ती बऱ्याचदा बरोबर निघते. ट्रान्सफरच्या बातम्या देणाऱ्या फाब्रिझियो रोमानोने 'हिअर वी गो' लिहिलं की वाद संपला, तोपर्यंत सगळं कच्चं. जुलैत न्यूकॅसलचा संघ सिंगापूर-कोरियाच्या दौऱ्यावर गेला आणि इसाक गेला नाही. मांडीला किरकोळ दुखापत, असं सांगितलं गेलं. मग तो स्पेनमध्ये, रिआल सोसिएदाद या आपल्या जुन्या क्लबच्या मैदानावर एकटा सराव करतोय असं कळलं. ऑगस्टच्या सुरुवातीला लिव्हरपूलने 11 कोटी पौंड देऊ केले, न्यूकॅसलने नाही म्हटलं. 19 ऑगस्टला त्याने इन्स्टाग्रामवर लिहिलं की मला दिलेली वचनं मोडली, विश्वास उरला नाही. त्याच रात्री क्लबने उत्तर दिलं की जाऊ देण्याचा शब्द आमच्यापैकी कुणीच दिलेला नाही. या प्रत्येक पायरीवर दोन्ही पोरांचे चेहरे आलटून पालटून उजळत आणि विझत गेले. चौदा नंबरवाला प्रत्येक वेळी नवी आशा शोधून काढायचा. करार 2028 पर्यंत आहे. दुसरा स्ट्रायकर मिळाल्याशिवाय सोडणार नाहीत. कोच त्याच्याशी बोलतील. दवाखान्याबाहेर बसलेले नातेवाईक असंच बोलतात.

मधेच, 3 जुलैला, सगळं थांबलं. लिव्हरपूलचा खेळाडू दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात गेले. जोटाच्या लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. भाचा त्या दिवशी जेवला नाही. बहिणीने मला फोन केला, मी पोचलो तर चौदा नंबरवाला आधीच तिथे होता. दोघं पलंगावर भिंतीला टेकून बसलेले, काहीही न बोलता. पंखा फिरतोय, टीव्ही बंद. तो कामावरून थेट आला होता, हाताला अजून ग्रीसचा वास होता. संध्याकाळी त्याने दोघांसाठी खालून कटिंग आणला आणि भाच्याच्या हातात ग्लास दिला, एवढंच. पुढे लिव्हरपूलने जोटाचा वीस नंबर कायमचा काढून ठेवला. कुणाचं जाणं अफवेने सुरू होतं, त्यावर भांडता येतं, दोन महिने नशिबाशी घासाघीस करता येते. आणि कुणाचं असं. तो दिवस मी या लेखात आणला कारण त्या दोघांमधलं नातं त्याशिवाय कळणार नाही.

पण भाच्याचंही एक आहे. मे महिन्यात ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डने लिव्हरपूल सोडतोय म्हणून जाहीर केलं, तेव्हा हाच भाचा पेटून उठला होता. ट्रेंट त्याच गावचा, सहाव्या वर्षापासून त्याच क्लबमध्ये वाढलेला, आणि करार संपत आल्यावर रिआल माद्रिदला निघाला. आर्सेनलविरुद्ध तो मैदानावर उतरला तेव्हा अॅनफिल्डवर, लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, त्याच्याच लोकांनी हुर्यो उडवली. इकडे इंदिरानगरात भाच्याने सहासष्ट नंबरची जर्सी घडी करून माळ्यावर टाकली. आणि ऑगस्टमध्ये तोच मित्राला ऐकवत होता, "प्रोफेशनल आहे तो. करिअर बघणारच ना?" मी एकदा गच्चीवर त्याला विचारलंच, की मेमध्ये तू असं बोलत नव्हतास. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "ट्रेंट आपला होता मामा." मला हे उत्तर खरं वाटलं. दोन न्याय लावतोय असं म्हणून त्याला गप्प करता आलं असतं, पण माणूस प्रेमात असतो तेव्हा एकच न्याय सगळ्यांना लावत नाही, आणि लावावा अशी अपेक्षाही मी करत नाही.

हे फक्त लिव्हरपूलवाल्यांचं नाही. ज्या दिवशी इसाक गेला, त्याच दिवशी न्यूकॅसलने ब्रेंटफर्डचा योआन विसा आणला. त्यानेही खेळायचं थांबवून, क्लब माझ्या वाटेत उभा आहे असं उघडपणे लिहून, स्वतःची सुटका करून घेतली होती. म्हणजे लंडनच्या पश्चिमेला कुठेतरी ब्रेंटफर्डचा एखादा पोरगा त्या रात्री हाच प्रश्न विचारत असणार. आणि त्याआधी रिआल सोसिएदादच्या कुणीतरी इसाकविषयी, त्याच्या आधी स्टॉकहोममध्ये एआयके क्लबच्या कुणीतरी. चौदा नंबरवाल्याला मी हे बोललो नाही. सुतकात हिशेब मांडत नाहीत.

माझ्यासाठी न्यूकॅसल म्हणजे शिअरर. केबल घरात नवीन होती, ईएसपीएन आणि स्टार स्पोर्ट्सवर शनिवारी संध्याकाळी इंग्लंडची मॅच लागायची. चाळीतल्या एकाच घरात टीव्ही मोठा, तिथे दारातल्या चपला ओलांडून आत शिरायचं. 1996 साली अॅलन शिअररला मँचेस्टर युनायटेडही बोलावत होतं. तो दीड कोटी पौंडांना, तेव्हाच्या जगातल्या सर्वात मोठ्या किमतीला, आपल्या गावी न्यूकॅसलला परतला. पुढची दहा वर्षं तिथे खेळला, 206 गोल केले, आणि त्या क्लबसोबत एकही कप त्याला मिळाला नाही. गोल झाला की एक हात उंच करून, तळवा उघडा ठेवून तो पळायचा. आम्ही शाळेच्या मैदानावर गोल केला की तसंच पळायचो. आता वय झाल्यावर वाटतं, तो युनायटेडला गेला असता तर घरातलं कपाट पदकांनी भरलं असतं. न्यूकॅसलमध्ये मात्र त्याचा पुतळा आहे, आणि नाशिकरोडच्या त्या घरात टीव्हीसमोर बसलेल्या आम्हा पोरांना तो त्यांच्याइतकाच आमचाही वाटला. चौदा नंबरवाल्याला मीच कधीतरी या सगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्याच्या न्यूकॅसलपणात माझा वाटा आहे, म्हणून त्याने तो प्रश्न मला विचारला असावा.

शिअररसारखं राहा, असं मात्र मी कुणालाही सांगू शकत नाही. वडील युनियनचे. काम थांबवणं हे कामगाराच्या हातातलं एकमेव हत्यार आहे, हे मी सातपूर-अंबडच्या गेटसभांमध्ये त्यांच्या खांद्यावर बसून ऐकलं आहे. मग इसाकने सराव थांबवला तर ते काय वेगळं? याच न्यूकॅसलमध्ये 1960 साली जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूने हेच केलं होतं. त्याचा करार संपला होता, त्याला दुसरीकडे जायचं होतं, पण त्या काळच्या नियमाने करार संपला तरी क्लब खेळाडूला अडवून ठेवू शकत असे, पगार न देता. आठवड्याला 20 पौंडांच्या वर पगार द्यायचा नाही असाही नियम होता. ईस्टहॅमने खेळायला नकार दिला. इंग्लंडच्या दक्षिणेला जाऊन तो बुचं (कॉर्क) विकणाऱ्या एका व्यवसायात नोकरी करू लागला. शेवटी क्लबने त्याला साडेसत्तेचाळीस हजार पौंडांना आर्सेनलला सोडलं. तिथेही तो थांबला नाही, कोर्टात लढला, आणि 1963 साली न्यायाधीशांनी सांगितलं की माणसाला असं बांधून ठेवणं योग्य नाही. पुढे 1995 मध्ये बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने करार संपलेल्या खेळाडूसाठी पैसे मागायची सोयच काढून टाकली. ट्रेंट फारशी कटकट न होता माद्रिदला गेला तो बोसमनमुळे. आज वीस-बावीस वर्षांचा पोरगा आपल्या पायांची किंमत स्वतः ठरवतो, त्यामागे ईस्टहॅमसारख्यांनी घालवलेले रिकामे महिने आहेत. ईस्टहॅम 2024 च्या डिसेंबरात गेला. ही लढाई कुणी फुकट लढली नव्हती, आणि मी तिच्या विरुद्ध बाजूला उभा राहणार नाही.

पण ईस्टहॅमला जायचा रस्ताच बंद होता. इसाकला रस्ता होता, फक्त घाई होती. सही त्याने स्वतः केली होती. त्याचं म्हणणं की मला जाऊ देऊ असा शब्द दिला होता. तसा शब्द दिला असेल तर त्याचा रागही खरा, आणि बंद खोलीत काय ठरलं ते नाशिकच्या मांडवात बसून कुणाला कळणार? माझं मन अजूनही एका बाजूला पूर्ण झुकत नाही. झुकतं ते एकाच गोष्टीपुरतं.

अंबडच्या कारखान्यात आमच्या टूलरूमला एक फिटर होता. हात असा, की बिघडलेली डाय, म्हणजे साचा, नुसत्या बोटाने चाचपून कुठे झिजली ते सांगायचा. त्याला चाकणला जवळपास दुप्पट पगार मिळाला. तो जाणार हे कळल्यावर लोक नाराज झाले, काहींनी बोलणं टाकलं. नोटिशीचा महिना तो पूर्ण भरला. शेवटच्या दिवशी शिफ्ट संपायला थोडा वेळ उरला असताना मी टूलरूममध्ये गेलो तर हा वाकून ऑइल स्टोनवर एका पंचची धार लावत होता. दगडावर दोन थेंब तेल, मग छोटे गोल हात, मग अंगठ्याच्या नखावर धार टेकवून बघायची, पुन्हा दगड. ती डाय सोमवारी लागणार होती, तेव्हा हा तिथे नसणार होता. मग त्याने ड्रॉवरमधून आपली वही काढली, कुठल्या डायखाली किती जाडीची शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालायची ते वर्षानुवर्षं टिपून ठेवलेली, तेलाच्या डागांनी पानं पारदर्शक झालेली. ती हाताखालच्या पोराला दिली. बोलणं टाकलेले दोघे-तिघे हात पुसत जवळ आले. त्यातल्या एकाने त्याची पिशवी उचलली आणि गेटपर्यंत नेऊन दिली.

मला खेळाडूकडून हवं आहे ते एवढंच. जा, जरूर जा. पण शेवटच्या शनिवारी मैदानावर ये.

25 ऑगस्टला न्यूकॅसलच्या घरच्या मैदानावर लिव्हरपूल आलं तेव्हा इसाक नव्हता. आपल्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबाराची मॅच, दुसऱ्या दिवशी हरतालिका, बहीण पूजेची तयारी करून झोपलेली. पोरांनी आवाज बंद करून पाहिली. दहा खेळाडू उरलेले, दोन गोल मागे पडलेले, आणि तरी न्यूकॅसलने 2-2 केलं. मग अगदी शेवटी, शंभराव्या मिनिटाला, लिव्हरपूलच्या सोळा वर्षांच्या रिओ एनगुमोहाने गोल केला. चौदा नंबरवाला तेव्हाही बऱ्याच वेळ शांत बसून राहिला, असं भाच्याने सांगितलं. हरल्याचं दुःख नव्हतं त्याला. "तो असता तर आपल्या बाजूने हरला असता," असं काहीतरी तो बोलला म्हणे.

गौरीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी गौरी जातात. बहिणीने सकाळी मुखवट्यांसमोर दहीभात ठेवला, ओटी भरली, हात जोडून पुढल्या वर्षी या म्हणाली आणि मग मुखवटे हलवले. मी रात्री तिथेच राहिलो होतो, चहा घेत बघत होतो. माझ्या डोक्यात रात्रीचा प्रश्न होता. त्या पोराला मी मांडवात उत्तर दिलं होतं ते अगदी साधं होतं: तुम्ही काही कमी केलं नव्हतं. तो मान हलवून जर्सीची बाही ओढत बसला होता. मला त्याला आणखी सांगायचं होतं की त्याला दुखतंय यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुसऱ्या खंडातल्या, आपल्याला कधी न भेटणाऱ्या माणसासाठी अर्धी रात्र जागणं, त्याच्या गोलावर गुलाल उधळणं, आईला इस्त्री फिरवायला लावणं, हे सगळं त्याने दिलेलं आहे. क्लबच्या कुठल्याही हिशेबात ते येत नाही, म्हणून ते नव्हतं असं होत नाही.

पुढे जर्सीचं काय केलंस, असं मी त्याला विचारलं नाही. टर्फवर खेळायला तो अजून तीच घालतो, एवढं गंगापूर रोडला एका रविवारी त्यांची मॅच बघायला गेलो तेव्हा दिसलं.

20 डिसेंबरला लिव्हरपूलची टॉटनहॅमशी मॅच होती, आपल्याकडे रात्री अकराची. थंडी चांगलीच पडली होती, मी घरी रजई ओढून बघत होतो. इसाकचे लिव्हरपूलमधले महिने बरे गेले नव्हते, गोल होत नव्हते, आणि त्यावरून ग्रुपवर भाच्याला रोज टोमणे पडत होते. मध्यंतरानंतर तो आला, थोड्याच वेळात गोल केला, आणि त्याच क्षणी मिकी व्हॅन डे व्हेनचा स्लायडिंग टॅकल त्याच्या पायावर आला. गोल साजरा करायला तो उठलाच नाही. पाय मोडला होता. भाच्याने ग्रुपवर काहीच टाकलं नाही, दुसरंही कुणी काही टाकेना. मग चौदा नंबरवाल्याचा मेसेज आला: "आधी पाय बरा होऊ दे त्याचा. शिव्या मी नंतर देतो." पाच मिनिटांनी भाच्याने त्याला फोन लावला असावा, कारण दोघंही बराच वेळ ग्रुपवर दिसले नाहीत. परत आले तेव्हा तिसऱ्याच कुणीतरी जानेवारीत लिव्हरपूल कुठला स्ट्रायकर घेणार याची बातमी टाकली होती, आणि चौदा नंबरवाल्याने तिच्याखाली लिहिलं होतं की हा पत्रकार कच्चा आहे, याच्यावर विश्वास ठेवू नका.